चित्र आणि चरित्र

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या स्नेहसंमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांकडून आली, तेव्हा प्रथम आम्ही ती नाकारण्याच्याच विचारात होतो. संस्थेचे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले. आता वयोमानाप्रमाणे मागच्या खुर्चीत बसून ऐकावे हेच आम्हांस शोभते. परंतु एक जुनी गोष्ट मनात सलत होती, आणि ती सांगावयाची तर ह्या सभेपुढेच सांगावयास हवी, असे वाटल्यावरून आम्ही होकार दिला. ती गोष्ट कोणती, ते पुढे येईलच.

विषयाचा आरंभ मात्र आज सकाळी ह्या सभागृहाच्या दारातच झाला. आत येताना आम्हांस एक लांब रांग दिसली. भोजनाची कूपने वाटली जात असावीत अशा समजुतीने आम्हीही मुकाट्याने रांगेत उभे राहिलो. दहा मिनिटांनी पुढे सरकलो तो समोर झेंडूच्या फुलांची कमान, तिच्यावर संस्थेचे नाव, आणि तिच्याखाली उभे राहून जो तो आपले छायाचित्र काढून घेत आहे! आमच्या पुढे असलेल्या एका चुणचुणीत मुलीने मागे वळून विचारले, "आजोबा, तुमचा फोटो कोण काढणार?" कूपनासाठी उभे होतो असे सांगण्याची आम्हांस लाज वाटली. तेव्हा तिनेच आमचे छायाचित्र काढले, आणि खरे सांगावयाचे तर ते काढताना आम्ही पोट आत घेतले, टोपी सरळ केली आणि एरवी कधी करीत नाही असे स्मितही केले. म्हणजे ज्या मोहाविषयी आज आम्ही बोलणार आहोत, त्यातून आम्ही स्वतः सुटलेलो नाही. आमचे बोलणे उपदेशाचे नसून कबुलीचे आहे, असे समजून आपण ते ऐकावे.

छायाचित्रणाची कला १८३९ च्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस येथे जगास खुली करून देण्यात आली. तिच्या जनकांपैकी एक लुई दागेर. ह्या गृहस्थाने त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र उंचावरील खिडकीतून घेतले होते. रस्ता गजबजलेला होता. गाड्या धावत होत्या, माणसे जात-येत होती. परंतु त्या काळी धातूच्या पत्र्यावर चित्र उमटावयास कित्येक मिनिटे लागत, त्यामुळे जे जे चालत होते ते ते चित्रात उमटलेच नाही. सारा रस्ता ओसाड दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक मनुष्य दिसतो, कारण तो आपल्या बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. मनुष्य दिसतो असे ज्ञात असलेले पहिले छायाचित्र ते हेच, असे मानतात. त्या मनुष्याचे नाव कोणास ठाऊक नाही, आणि आपणांकडे कोणी पाहत आहे ह्याची त्यासही वार्ता नसावी. छायाचित्राच्या जन्माबरोबरच त्याचा स्वभाव असा दिसून आला: जो थांबला तो दिसला, जे कामानिमित्त धावत होते ते सारे असून नसल्यासारखे झाले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

ही कला हिंदुस्थानात पोहोचावयास फार काळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही ह्या कलेत रमले. परंतु आपणांसारख्या ज्ञातिसंस्थेच्या मंडळींनी विशेष स्मरणात ठेवावी अशी घटना निराळीच आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतील एका इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ व १८६६ साली दोन भागांत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या स्त्रीपुरुषांची छायाचित्रे त्यात आहेत. पुढे १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या नावाचे आठ खंड निघाले. त्यांत चारशे अडुसष्ट छायाचित्रे होती. बहुतेक चित्रांखाली मनुष्याच्या नावाऐवजी त्याची जात किंवा जमात लिहिलेली आहे, आणि त्या जातीचा स्वभाव कसा, ती राज्यकर्त्यांस किती विश्वासू, असले अभिप्राय सोबत जोडलेले आहेत. जॉन्सनच्या ग्रंथातील एक मौज अशी, की माणसांची चित्रे एकीकडे घेऊन त्यांच्यामागे दुसऱ्याच ठिकाणचा देखावा जोडलेला असे. बनावट पार्श्वभूमी हा आजच्या मोबाईलचा शोध नव्हे. तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

पुढे १९०१ च्या शिरगणतीत हर्बर्ट रिस्ले ह्यांनी जातींचा उच्चनीच क्रम लावण्याचा घाट घातला, तेव्हा देशभर कित्येक ज्ञातींनी आपणांस वरचे स्थान मिळावे म्हणून अर्जावर अर्ज केले. दुसऱ्याच्या डोळ्यांतील आपले चित्र सुधारावे ह्यासाठी केवढी ही धडपड! आणि त्या धडपडीत आपल्या शेजारच्या ज्ञातीस खाली ढकलण्याचे पापही घडले, हे आज शांतपणे कबूल केले पाहिजे. कोणी आपणांस निरखून पाहू लागला, की मनुष्य आपले काम सोडून आपले रूप सावरू लागतो. हे व्यक्तीचे जसे, तसेच ज्ञातीचेही आहे.

आपल्या पूर्वजांची जी छायाचित्रे आपण भिंतींवर पाहतो, त्यांच्याकडेही ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पगडी अगर रुमाल, बंद गळ्याचा कोट, कोटावर घड्याळाची साखळी, बाजूच्या तिपाईवर जाड ग्रंथ, आणि मागे रंगविलेला महाल. कोट पुष्कळदा स्टुडिओचा असे, आणि ग्रंथही स्टुडिओचाच. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून "हलू नका" म्हणे, आणि आमचे आजोबा-पणजोबा श्वास रोखून बसत. म्हणून ते सारे इतके गंभीर दिसतात. परंतु ह्यास केवळ मिरवणे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या घरात पहिला मॅट्रिक झाला, पहिला वकील किंवा पहिला डॉक्टर झाला, त्या घराने ते चित्र काढून घेतले ते "आम्हीही आहोत" हे सांगण्यासाठी. जातीच्या नमुन्यांच्या ग्रंथांना दिलेले ते उत्तर होते. चित्राखाली जातीच्या नावाऐवजी मनुष्याचे नाव आले. आमच्या संस्थेच्या जुन्या स्मरणिकांत अशी चित्रे मोठ्या अभिमानाने छापलेली आहेत, आणि तो अभिमान योग्यच होता.

परंतु त्याच स्मरणिकांत आणखी एका जातीची चित्रे आहेत. येथून आमची गोष्ट सुरू होते.

१९६२ साली आम्ही इयत्ता सातवीत होतो. आमचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. आमच्या मातोश्री गिरगावातील चाळीच्या दोन खोल्यांत लोकांचे कपडे शिवून आम्हां तिघां भावंडांचा संसार ओढीत होत्या. त्या वर्षी ज्ञातिसंस्थेने आम्हांस बारा वह्या व शाळेची फी मंजूर केली. हे उपकार आम्ही विसरलेलो नाही. त्या वह्या नसत्या तर आज आपणांपुढे उभे राहून हे बोलण्याइतके शिक्षणही आम्हांस लाभले नसते. समारंभात नाव पुकारले गेले, तसे आम्ही इस्त्री केलेला सदरा घालून व्यासपीठावर गेलो. पाहुण्यांनी वह्या आमच्या हाती दिल्या. छायाचित्रकाराने कळ दाबली, पण त्याच्या फ्लॅशचा दिवा पेटला नाही. त्याने हात वर करून थांबविले. पाहुण्यांनी वह्या आमच्या हातून परत घेतल्या. नवा दिवा बसविण्यास जो वेळ लागला, तेवढा वेळ आम्ही सभेपुढे दोन्ही हात पसरून उभे होतो, कारण छायाचित्रकाराने तसे उभे राहण्यास सांगितले होते. मग वह्या पुन्हा देण्यात आल्या. सभागृहात कोणीतरी हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. दिव्याच्या फजितीला ते हसले असतील. आम्हांस मात्र ते आमच्या पसरलेल्या हातांस हसल्यासारखे वाटले.

पुढे स्मरणिका घरी आली. अर्ध्या पानावर ते चित्र होते, आणि खाली ओळ होती: "गरीब व होतकरू विद्यार्थ्यास वह्यावाटप". आमचे नाव नव्हते. आम्ही तो अंक माळ्यावर फेकून दिला. त्यानंतर कित्येक वर्षे संमेलनास येताना आमचे हात आपोआप खिशात जात असत.

ही गोष्ट आम्ही कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या वेळचे चालक सज्जन होते. वर्गणीदारांस हिशोब दाखवावयाचा तर चित्राइतका सोपा हिशोब दुसरा नाही, असे त्यांस वाटले असणार. परंतु आपले जीवन दुसऱ्याच्या नजरेतून मापण्याची जी सवय आम्हांस जडली, तिचा उगम शोधू लागलो म्हणजे आम्ही त्या विझलेल्या दिव्यापाशी येऊन पोहोचतो.

आता आपण म्हणाल, की लोकांच्या नजरेचे भय काय छायाचित्रानेच आणले? तसे मुळीच नाही. आपल्या भाषेत "लोक काय म्हणतील" हे वाक्य कॅमेऱ्याहून फार जुने आहे. आपल्या आज्या-पणज्यांस नजरेचे सामर्थ्य चांगले ठाऊक होते. तान्हे मूल गोजिरवाणे दिसू लागले, की त्या त्याच्या गालावर काजळाची तीट लावीत. संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढीत. दृष्टीने मूल आजारी पडते असे आम्ही मानीत नाही. परंतु त्या रीतीतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. जे सुंदर आहे ते पुरतेपणी लोकांच्या डोळ्यांपुढे मांडू नये, म्हणून त्या सुंदर मुखावर मुद्दाम एक डाग ठेवीत. आज आपण नेमके उलट करतो: असलेले डाग मोबाईलमध्ये पुसून टाकतो, आणि मग ते मुख जगास दाखवितो.

चाळीत तर कोणाचे काहीच झाकलेले नसे. बेंथम नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १७९१ साली एका तुरुंगाची योजना प्रसिद्ध केली होती. मध्ये एक मनोरा, भोवती वर्तुळात कोठड्या. मनोऱ्यातील पहारेकरी केव्हा पाहत आहे हे कैद्यास कळू नये, म्हणजे तो सदैव नीट वागेल, अशी ती कल्पना. आमच्या चाळीस मनोऱ्याची गरज नव्हती. सामाईक गॅलरीतून प्रत्येकजण प्रत्येकाचा पहारेकरी होता. कोणाकडे कोण आले, कोणाच्या घरी आज चूल उशिरा पेटली, कोणाच्या मुलीस पाहावयास मंडळी आली आणि नकार देऊन गेली, हे सारे तासाभरात तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचे. ह्या नजरेने पुष्कळांस छळले. विधवांस छळले, स्वतःच्या पसंतीने विवाह करणाऱ्यांस छळले. ज्ञातीच्या नावावर माणसांस वाळीत टाकण्याचे प्रकार तर इतके राहिले, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या जुन्या नजरेचे गोडवे आम्ही गाणार नाही.

तरीसुद्धा त्या नजरेत एक गोष्ट होती, जी आजच्या नजरेत नाही. "चार लोक काय म्हणतील" असे आपण म्हणतो. हे चार लोक कोण? आमच्या मते ते तेच, जे शेवटी तिरडीस खांदा देतात. आमचे वडील गेले तेव्हा आमच्या वागण्याबोलण्यावर ज्यांनी वर्षानुवर्षे टीका केली, तेच शेजारी रात्रभर दारात बसले होते. मातोश्री तापाने पडल्या तेव्हा जिच्या जिभेस हाड नाही असे सारे म्हणत, तीच बाई आठ दिवस पेज घेऊन येत होती. त्या लोकांनी आम्हांस सणाच्या दिवशी पाहिले तसे उपासाच्या दिवशीही पाहिले. ते आमच्याविषयी बरेवाईट बोलत, पण आमचे सारे आयुष्य त्यांच्या डोळ्यांपुढे होते. निकाल देणाऱ्याने निदान खटला पुरा ऐकलेला होता!

आजचे पाहणारे हजार आहेत, आणि त्यांतील एकही आपल्या खटल्यातील कागद पाहत नाही. आम्ही तरुण होतो तेव्हा आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा घरात असणे मोठे भाग्याचे मानीत. एका रोलवर बारा चित्रे निघत. गणपतीत तीन, दिवाळीत चार, एखाद्या बारशास दोन, असे मोजून मोजून तो रोल महिनेन्‌महिने पुरवीत. त्या बारा चित्रांतही घरातील आजार, कर्ज, भांडण कधी आले नाही. जुने आल्बमही अर्धसत्यच सांगतात. पण ते आल्बम कपाटात राहत. घरी आलेल्या पाहुण्यास चहाबरोबर दाखविले, की पुन्हा कपाटात. आज चित्र निघते त्याच क्षणी शेकडो घरांत पोहोचते, आणि त्याच्याखाली आकडा उमटतो. फेसबुकने २००९ साली पसंतीची ती अंगठ्याची खूण आणली, आणि लोकांच्या नजरेचे चक्क माप झाले. पूर्वी लोक काय म्हणतील ह्याचा तर्क करावा लागे. आता तो अंकांत छापून येतो. पोरवयाच्या मुलीपासून आमच्यासारख्या म्हाताऱ्यापर्यंत सारेजण तो आकडा पाहून ठरवितात, की आजचा दिवस चांगला गेला की वाईट.

'सेल्फी' हा शब्द २०१३ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१६ साली, मुंबईच्या पोलिसांस समुद्रकाठच्या काही धोक्याच्या जागी स्वतःचे छायाचित्र काढण्यास मनाई करावी लागली, कारण त्या नादात माणसे बुडून मेली होती. एवढ्या टोकास आपण जात नाही, असे आपण म्हणू. पण आपल्या मंगल कार्याकडे पाहा. अंतरपाट धरावयाचा तो मुहूर्तापर्यंत वधूवरांनी एकमेकांस पाहू नये म्हणून. आता अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस कॅमेरेवाले उभे असतात, आणि अक्षता टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांस त्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. एका कार्यात सप्तपदीचे पाचवे पाऊल नीट आले नाही म्हणून ते पुन्हा टाकावयास लावलेले आम्ही पाहिले आहे. भटजी बिचारे मंत्र थांबवून उभे! हे पाहताना आम्हांस १९६२ सालच्या आमच्या वह्या आठवल्या. देणे झाले होते, घेणे झाले होते. पण चित्र आले नव्हते, म्हणून ते झालेच नाही असे ठरले.

आणि चित्राने स्मरण टिकते, ही समजूतही पुरती खरी नाही. २०१४ साली लिंडा हेंकेल ह्या अमेरिकन विदुषीने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिने विद्यार्थ्यांस वस्तुसंग्रहालयात नेले; काही वस्तूंची छायाचित्रे काढावयास सांगितली, काही नुसत्या पाहावयास सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारले, तर नुसत्या पाहिलेल्या वस्तू अधिक स्मरणात राहिल्या होत्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा नीट रोखून ज्यांनी चित्र घेतले, त्यांचे स्मरण कमी झाले नाही. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे; लक्ष न देण्याचा आहे. कॅमेऱ्याने पाहिले म्हणून आपण पाहावयाचे थांबलो, हा खरा तोटा.

दुसरा प्रयोग आम्हांस अधिक दिलासा देणारा वाटतो. तो २००० साली अमेरिकेतच प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्यास लाजिरवाणे वाटेल असे चित्र छापलेला सदरा घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठविले, आणि तुझा सदरा कितीजणांच्या ध्यानात आला असेल असे विचारले. निम्म्याजणांच्या, असा त्यांचा सरासरी अंदाज पडला. प्रत्यक्षात तो सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच ध्यानात आला होता. आपण समजतो त्याच्या सुमारे निम्मेच लोक आपणांकडे पाहत असतात! ज्यांच्या नजरेसाठी आपण इतके झुरतो, ते बिचारे आपापल्या सदऱ्याच्या काळजीत असतात. १९६२ साली आम्हांस हे कोणी सांगितले असते तर आमचे हात इतकी वर्षे खिशात राहिले नसते.

मग जीवनाचे मोजमाप करावे तरी कसे? दुसऱ्याच्या दिवाणखान्याशी आपल्या मोरीची तुलना करू नये, हा पहिला नियम. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांची बर्फातील हसरी चित्रे पाहून येथे कोणाचा मुलगा आपणांस करंटा समजतो; आणि तो परदेशातील मुलगा येथल्या गणपतीच्या आरतीचे चित्र पाहून तिकडे एकटा बसून डोळे पुसतो. दोघांनीही एकमेकांचा दिवाणखानाच पाहिलेला आहे. दुसरा नियम आपल्या म्हणीतच आहे: जनाची नाही तर निदान मनाची लाज धरावी. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. त्याचा वेदान्तातील अर्थ विद्वानांनी सांगावा. आमच्या साध्या बुद्धीस एवढेच वाटते, की पाहणारा एक आपल्या आतही आहे, आणि त्यास फ्लॅशच्या दिव्याची आवश्यकता नाही. कोणी पाहत नसताना आपण जे केले, ते चरित्र. पाहत असताना केले, ते चित्र.

आता ज्या कबुलीसाठी आम्ही येथे उभे राहिलो, ती करतो. २०१८ साली ह्या संस्थेच्या शिक्षण साहाय्य निधीचे काम आम्हांकडे होते. एका विद्यार्थिनीस महाविद्यालयाच्या फीसाठी मदत मंजूर झाली. तिने हलक्या आवाजात विचारले, "काका, धनादेश कार्यालयातून नेला तर चालेल का?" आम्ही म्हणालो, "अगं, यात लाजायचे काय? देणगीदारांनाही समाधान वाटते." ती व्यासपीठावर आली. छायाचित्र निघाले, आणि संध्याकाळपर्यंत ते ज्ञातीच्या व्हॉट्सॲप समूहावर गेले. तेथून कोठे कोठे गेले ते आम्हांस सांगता येणार नाही. त्या चित्रात आम्ही शेजारी उभे आहोत आणि प्रसन्न हसत आहोत. पुढील वर्षी त्या मुलीचा अर्ज आला नाही. आम्ही चौकशी केली, तेव्हा तिच्या वडिलांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, की आता गरज राहिली नाही. गरज होती, हे आम्हांस ठाऊक होते. सज्जनांनी आमच्याशी जे केले, तेच आम्ही सज्जनपणे तिच्याशी केले. आणि आमच्याजवळ तर अज्ञानाचीही सबब नव्हती.

म्हणून अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने आम्ही ह्या सभेपुढे एक सूचना मांडतो. यंदापासून निधीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँकेतील खात्यात परस्पर जमा व्हावी. साहाय्य घेणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास व्यासपीठावर बोलावू नये, त्याचे छायाचित्र काढू नये, आणि स्मरणिकेत फक्त किती विद्यार्थ्यांस किती रक्कम दिली एवढाच आकडा यावा. हिशोबतपासनिसांनी तो तपासावा. दात्यांचा विश्वास त्यावर बसावा. जे परीक्षांत यशस्वी झाले, त्यांचा सत्कार अवश्य करावा, त्यांची चित्रे अवश्य छापावीत; पण ती त्यांच्या गुणांची असावीत, गरजेची नसावीत. देणगीच्या रकमेप्रमाणे दात्याच्या छायाचित्राचा आकार ठरविण्याची जी प्रथा आपल्या स्मरणिकेत आहे, तिचाही कार्यकारी मंडळाने विचार करावा. ती बंद केल्यास काही देणग्या कमी होतील, हे आम्ही जाणतो. ती तूट भरून काढण्यासाठी प्रत्येक सभासद कुटुंबाने थोडी अधिक वर्गणी द्यावी. आम्ही आमची ह्याच सभेत कोषाध्यक्षांकडे दिली आहे, आणि तिचे छायाचित्र कोणी काढू नये अशी विनंती आहे.

शेवटी एकच गोष्ट सांगून थांबतो. आमच्या मातोश्री १९९१ साली निवर्तल्या. त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या घडीत स्मरणिकेचे ते पान सापडले. आम्ही माळ्यावर फेकलेल्या अंकातून त्यांनी ते केव्हा काढून घेतले, आम्हांस कधीच कळले नाही. लहानपणचे आमचे दुसरे छायाचित्र घरात नव्हते. पान जसेच्या तसे होते; फक्त चित्राखालची ती ओळ त्यांनी शिवणकामाच्या कात्रीने कापून टाकली होती. उरला होता तो इस्त्रीचा सदरा घातलेला त्यांचा मुलगा.

त्या माउलीस जे एका कात्रीने साधले, ते आपल्या संस्थेस एका ठरावाने साधेल, अशी आशा आम्ही बाळगतो.